गोठ्यातला पाय सांभाळा



पहाटेची धार, हातात दुधाची किटली आणि पायाखाली ओला कोबा. पाय सटकतो, माणूस कमरेवर आपटतो आणि घरचे म्हणतात, "नशिबात होतं." आमचे म्हणणे असे की, यात नशिबापेक्षा जमिनीचा दोष जास्त, आणि जमीन सुधारणे आपल्या हातात आहे.

घोटून गुळगुळीत केलेला कोबा दिसायला छान, पण शेण-मूत पडले की साबण लावल्यासारखा होतो. नवा कोबा ओला असतानाच त्यावर खाचे पाडावेत व नालीकडे दर मीटरला सुमारे २ सेंटीमीटर उतार द्यावा. जुन्या कोब्यावर छिन्नीने खाचे मारता येतात. धारेला बसण्याआधी शेण ओढून घ्यावे. पावसाळ्यात शेवाळ खराट्याने घासून काढावे. गाभण म्हैस घसरली तर दोन जिवांवर बेतते, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी धोक्याची जागा कडब्याची गंजी. खालून पेंढ्या उपसल्या की वरचा भाग पुढे झुकतो व वर चढलेला माणूस त्यासकट खाली येतो. पेंढ्या नेहमी वरूनच काढाव्यात. शिडी लावताना ४ फूट उंचीमागे पाया १ फूट बाहेर ठेवावा.

तिसरी गोष्ट दाव्याची. दावे हाताला कधी गुंडाळू नये. जनावर बुजले की माणसाला फरफटत नेते.

पडलेल्याची मान किंवा पाठ दुखत असेल, पाय बधिर झाले असतील, तर त्याला ओढून उभे करू नका. हलू न देता १०८ क्रमांकावर फोन करा.

शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून लागू आहे. उंचावरून पडून मृत्यू आल्यास २ लाख, एक हात वा पाय निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ हवे. शेतकऱ्याबरोबरच सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुटुंबातील एका व्यक्तीलाही संरक्षण आहे. धारा काढणाऱ्या आपल्या माउल्यांसाठी हे मोलाचे. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा.

गाळप सुरू झाले की गोठे वाड्यांच्या भाऱ्यांनी भरतील. त्याआधी एक दिवस छिन्नी-हातोडा घेऊन कोब्याकडे बघा, एवढीच विनंती.