साहाय्यार्थ दिलेल्या शेळ्या आणि दुधावाटे पसरणारा रोग

दुष्काळात बैल विकले जातात, गाई चाऱ्यावाचून खंगतात; परंतु झाडपाल्यावर जगणारी शेळी गरिबाच्या दारी टिकून राहते. म्हणून निराधार कुटुंबांस शेळ्या देण्यासाठी उदार गृहस्थ द्रव्य देतात, हे स्तुत्यच होय. तथापि दिलेली शेळी रोगट निघाल्यास दानच संकट ठरते. यास्तव एका रोगाकडे आम्ही आपले लक्ष सविनय वेधू इच्छितो.

शेळ्यांच्या संधिदाह-मेंदूदाह या विषाणुरोगाचे वर्णन १९७४ मध्ये अमेरिकेत झाले. त्यात प्रौढ शेळीचे गुडघे सुजतात, कास कठीण होऊन दूध घटते. काही करडांचे मागील पाय लुळे पडतात. कित्येक शेळ्या धडधाकट दिसूनही जन्मभर विषाणू बाळगतात. त्यावर औषध नाही, लसही नाही.

विषाणू करडांत शिरतो तो मुख्यत्वे चिकातून व दुधातून. चीक वर्ज्य करावा तर तेही घातक. कारण रोगाशी झुंजण्याचे बळ करडास गर्भात मिळत नाही, ते चिकातूनच लाभते. यावर मार्ग असा: करडू जन्मताच, आईने चाटण्यापूर्वी, वेगळे करावे. चीक ५६ अंश सेल्सियसवर पूर्ण ६० मिनिटे ठेवून, मग कोमट करून पाजावा. याहून फार तापविल्यास तो गोठतो व त्यातील गुण नष्ट होतो. पुढील दूध मात्र उकळून निववावे. अनेक शेळ्यांचे कच्चे दूध एकत्र करून पाजू नये. एकीचा रोग सर्व करडांस जडतो. रक्तपरीक्षा सहा-सहा महिन्यांनी करावी, कारण नवी बाधा एका परीक्षेत निसटू शकते. बाधित जनावरे निराळी बांधावीत व त्यांचे दूध शेवटी काढावे.

मेंढ्यांतील याच कुळाचा रोग, जो श्वासावाटेही पसरतो, १९३३ मध्ये जर्मनीतून आणलेल्या निरोगी दिसणाऱ्या मेंढ्यांबरोबर आइसलंडात शिरला. तो १९६५ मध्ये निपटला गेला, परंतु तोवर लाखो मेंढ्या मारणे भाग पडले.

म्हणून व्यापारी बंधूंनी परीक्षित शेळ्यांच्याच खरेदीस द्रव्य द्यावे, जमीनदारांनी निराळ्या गोठ्यास जागा द्यावी, आणि इतर दात्यांनी उष्णतामापक व रक्तपरीक्षेचा खर्च उचलावा. शेळीच्या किमतीपुढे हा खर्च अल्प आहे. आणि त्यावाचून दिलेली शेळी घेणाऱ्याचे उरलेसुरले धनही बुडवू शकते. आपण हे साहाय्य अवश्य करावे, ही नम्र विनंती.