थेंब ओला असेपर्यंत

लढाऊ विमानाचे १:७२ प्रमाणातले मॉडेल दोन तळहातांत मावते, पण त्यावरच्या रंगाच्या प्रत्येक मायक्रॉनला ७२ ने गुणावे लागते. ब्रशने हात देता देता थर ०.१ मिलिमीटरचा झाला, तर खऱ्या विमानाच्या मापात तो सात मिलिमीटरहून जाड लेप होतो. पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या पॅनल रेषा त्यात बुजतात, रिव्हेट दिसेनासे होतात. मॉडेल करणारे एअरब्रशकडे वळतात ते या गुणाकारामुळे. मग खरेदीला गेले की नोझलचे आकडे, दाबाचे आकडे आणि रंगांच्या ढीगभर मालिका समोर येतात. त्यांतून वाट काढायला एक प्रश्न बराचसा पुरतो: नोझलमधून सुटलेला थेंब प्लास्टिकवर टेकेपर्यंत ओला राहील का?

एअरब्रशच्या टोकाशी एक बारीक सुई असते, ती निमुळत्या नोझलमध्ये घट्ट बसते. सुई मागे सरकली की फट उघडते. भोवतीने वेगाने जाणाऱ्या हवेमुळे टोकाशी दाब कमी होतो, रंग बाहेर ओढला जातो आणि तीच हवा त्याचे तुषार करते. १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवात अब्नर पीलर यांनी असे उपकरण बनवले. सुरुवातीला त्याचा उपयोग मुख्यतः छायाचित्रांवर रंगकाम करण्यासाठी होई.

या तुषारांचे गणित पाहण्यासारखे आहे. १ मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबाचे २० मायक्रॉनचे तुषार केले, तर ते सव्वा लाख होतात. रंग तेवढाच, पण हवेला भिडणारे पृष्ठफळ ५० पट. शिवाय थेंब सुकायला लागणारा वेळ साधारणपणे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा झाला की सुकण्याचा वेळ पाव होतो. म्हणजे फवारा जितका तलम, तितका तो वाटेतच सुकण्याचा धोका मोठा. वाटेत सुकलेले कण प्लास्टिकवर पसरत नाहीत, नुसते बसतात. पृष्ठभाग खरखरीत होतो आणि बोट फिरवले की भुकटी निघते. उलट थेंब फारच ओले पोहोचले, तर रंग ओघळतो. एअरब्रश निवडणे आणि वापरणे म्हणजे या दोन टोकांमधली जागा शोधणे.

इथे रंगाचे रसायन महत्त्वाचे ठरते. ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये अ‍ॅक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकांवर प्रबंध लिहिला, त्या वाटेने पुढे अ‍ॅक्रिलिक राळी आल्या. आज मॉडेलच्या बाटलीवर ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलेले असले, तरी आतला माल एकच नसतो. व्हॅलेहोसारख्या कंपन्यांच्या पाण्यातल्या रंगात राळेचे मायक्रॉनहूनही लहान कण तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच सुईच्या टोकावर सुकलेला रंग फवारा अडवतो. त्याच्यावर उपाय म्हणजे सुकणे लांबवणाऱ्या रिटार्डरचे एकदोन थेंब, आणि मधूनमधून टोक ओल्या ब्रशने पुसणे. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकची जात वेगळी. तो अल्कोहोलमध्ये छान मिसळतो, कंपनीच्या थिनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ करता येतो आणि एअरब्रशमधून सहज वाहतो. हेच अल्कोहोल व्हॅलेहोत घातले, तर गुठळ्या होऊन नोझल तुंबते. त्यामुळे रंग ज्या कंपनीचा, थिनरही तिचाच, हा नियम नवख्याने मोडू नये. पातळपणाची खूण म्हणजे दूध: कपाच्या कडेवरून रंग दुधासारखा ओघळून मागे फिकट पडदा राहिला, की तो तयार.

रंग ठरला की नोझल ठरते. ०.२ मिलिमीटरचे नोझल बारीक छटांच्या नक्षीसाठी चांगले, पण पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकने ते वारंवार तुंबते. ०.५ चे नोझल प्रायमर आणि मोठ्या पृष्ठभागांसाठी. पहिला आणि एकच एअरब्रश घ्यायचा असेल, तर ०.३ च्या आसपासचा, वर कप असलेला डबल अ‍ॅक्शन घ्यावा. कप वर असल्याने रंग स्वतःच्या वजनाने खाली येतो, त्यामुळे कमी दाबावरही काम भागते. डबल अ‍ॅक्शनमध्ये कळ दाबली की हवा आणि मागे ओढली की रंग सुटतो. दोन्हींचा ताबा एका बोटात येतो. १५ ते २० पीएसआय दाब आणि १० सेंटिमीटरच्या आसपास अंतर, इथून सुरुवात करावी. बारीक रेषेसाठी जवळ जायचे आणि दाब उतरवायचा, पण रंगही तेवढाच पातळ हवा.

काँप्रेसरबाबत मुंबई-कोकणातल्या हौशी मंडळींनी जास्त जागे राहायला हवे. हवा निम्म्या जागेत कोंबली की तिची वाफ सामावण्याची क्षमताही निम्मी होते. पावसाळ्यात हवा मुळातच बाष्पाने भरलेली असते. दाबलेली हवा थंड झाली की जास्तीच्या वाफेचे पाणी होते, ते नळीतून येते आणि रंगात थुंकल्यासारखे डाग पाडते. म्हणून टाकी आणि पाणी अडवणारा ट्रॅप असलेलाच काँप्रेसर घ्यावा, आणि काम संपल्यावर टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी काढून टाकावे. टाकीमुळे पिस्टनच्या ठोक्यांचे धक्केही फवाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. विदर्भातल्या उन्हाळ्यात अडचण नेमकी उलटी असते: कोरड्या, तापलेल्या हवेत थेंब वाटेतच सुकतो. तिथे रिटार्डर थोडा वाढवावा, दाब आणि अंतर कमी करावे, किंवा सरळ सकाळी रंगवावे.

किटचे पॉलिस्टायरीन आधी साबणाच्या पाण्याने धुवावे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट अंश त्यावर राहिलेला असतो. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकला कोरून धरत नाही, म्हणून त्याखाली प्रायमर हवाच. ‘पाण्यातला’ म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. तुषार झालेला कोणताही रंग फुप्फुसात जाऊ शकतो. कणांना अडवणारा मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखा लागतोच. अल्कोहोल किंवा लॅकर वापरत असाल, तर ठिणगी आणि ज्योत दूर ठेवा, आणि मास्कला वाफ शोषणारी कार्ट्रिज लावा.

खरेदीचा क्रम म्हणून असा लागतो: आधी रंग आणि त्याचा थिनर, मग ट्रॅपसह काँप्रेसर, मग एअरब्रश. बरेचजण नेमके उलटे करतात. महागडी सुई आणतात आणि पाणी फेकणाऱ्या हवेला जोडतात. पैसे मोजकेच असतील, तर मध्यम किमतीचा एअरब्रश आणि भरवशाची कोरडी हवा घ्या. वाचलेल्या पैशांतून एक स्वस्त किट आणा आणि खरे मॉडेल हातात घेण्याआधी त्याच्या पंखांवर दाब, अंतर आणि पातळपणा बदलत फवारे मारून बघा. आपल्या गावच्या हवेत थेंब किती वेळ ओला राहतो, ते कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्या पंखांवर जास्त स्पष्ट दिसेल.