वालातला लगाम

भात कापून झालं की रायगड जिल्ह्यात शेतातल्या उरल्या ओलाव्यावर वाल पेरले जातात. महाडजवळचं तुडील असो की पोलादपूर, वालाच्या बिरड्याची कृती साऱ्या मुलखाला पाठ आहे: रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे आणि मऊ शिजवायचे. या कृतीमागे विकरांचं, म्हणजे एन्झाइमांचं, सुरेख रसायन आहे.

त्याचा एक धागा मुंबईच्या विज्ञान संस्थेत उलगडला. केंब्रिजहून 1939 मध्ये पीएच.डी. मिळवून परतलेल्या डॉ. कमला सोहोनी तिथे कडधान्यांवर संशोधन करत होत्या. ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं प्रथिन, म्हणजे निरोधक, त्यांनी सहकाऱ्यासह वालातून स्फटिकरूपात वेगळं केलं. 1955 साली ‘नेचर’ नियतकालिकाने हे संशोधन प्रसिद्ध केलं.

ट्रिप्सिनचं सामर्थ्य मोठं आहे. नुसत्या पाण्यात प्रथिनातला एक बंध आपोआप तुटायला शेकडो वर्षं लागतात. ट्रिप्सिनच्या अंगावर एक खाच असते आणि तिच्या तळाशी ऋण भार. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतलं धन भाराचं लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल तिथे अचूक अडकतं. खाचेशेजारचं ट्रिप्सिनचं स्वतःचं सेरिन हे अमिनो आम्ल त्या अडकलेल्या आम्लाच्या लगतच्या बंधावर हल्ला चढवतं. बंध तुटायला लागणारी ऊर्जा खाली येते, काम क्षणार्धात होतं आणि ट्रिप्सिन जसंच्या तसं पुढच्या साखळीसाठी मोकळं होतं.

एवढं धारदार विकर मोकाट सोडून चालणार नाही.

म्हणून स्वादुपिंड ते ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात बनवतं. लहान आतड्यात एंटेरोकायनेज हे दुसरं विकर त्याचा टोकाचा तुकडा छाटतं, तेव्हाच ते जागं होतं. चुकून आधी जागं झालेलं ट्रिप्सिन रोखायला स्वादुपिंडाजवळ स्वतःचा निरोधकही असतो. हा बंदोबस्त कोलमडला तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. पेशींच्या आतही असाच संयम दिसतो: जिवाणूत आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल पुरेसं साठलं की तेच आपल्या निर्मितीसाखळीतल्या पहिल्या विकराला थांबवतं.

वालाचा निरोधक ट्रिप्सिनच्या खाचेत अन्नासारखाच बसतो, पण सहजी कापला जात नाही, आणि विकर अडकून पडतं. दाणे पोखरणाऱ्या किडींचं पचनही अशा निरोधकांमुळे बिघडतं. बियाण्याचं ते संरक्षण आहे. माणसाच्या पोटात मात्र त्यामुळे प्रथिनांचं पचन मंदावतं.

भिजवणं, मोड आणणं आणि पूर्ण शिजवणं यांनी या निरोधकाचा जोर बराच ओसरतो. वाल कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नयेत.