सोपे, पण अपुरे नव्हे

महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे बँकेत निवृत्तिवेतनाचा आठवडा. अशाच एका सकाळी रायपूरमधील एका एटीएमच्या खोलीत एक वृद्ध मराठी बाई यंत्रासमोर खोळंबून उभ्या होत्या. मी आत जाताच त्यांनी आपले कार्ड माझ्यापुढे केले. "भाऊ, तुम्हीच काढून द्या ना पैसे. आकडे मी सांगते." मी बँकेत नोकरीस आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी कार्ड घेतले नाही. कोणते बटण कशासाठी, एवढे सांगितले आणि गुप्त क्रमांक दाबण्याच्या वेळी पाठ फिरवली. थोड्याच वेळात पैसे त्यांच्या हातात पडले. बोलण्याच्या ओघात कळले की, बाईंची सारी हयात शाळेत गणित शिकविण्यात गेली होती. चार आकड्यांची त्यांना भीती नव्हती. पडद्यावर एकदम उमटलेल्या पर्यायांच्या गर्दीने त्या गोंधळल्या होत्या.

संगणकीय प्रणाली अवघड असली की केवळ वेळ जातो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याहून मोठे काही पणाला लागते. ज्याला पडदा उमगत नाही, तो मदतीसाठी शेजारच्या माणसाकडे वळतो आणि खात्याची किल्लीच त्याच्या हाती देतो.

मग सर्व जादा सुविधा काढून टाकाव्यात काय? काउंटरच्या पलीकडे डोकावले की उत्तर बदलते. तेथे बसलेला आमचा सहकारी दिवसभर तीच प्रणाली वापरतो. कोणत्या कामाला कोणती कळ, हे त्याच्या बोटांना पाठ झालेले असते. त्याच्या जवळच्या वाटा बंद केल्या, तर रांग दाराबाहेर जाईल. महिन्यातून एकदा येणारा आणि दिवसभर राबणारा, असे हे दोन वापरकर्ते आहेत. दोघांची गरज खरी आहे.

गुंतागुंत जाते कोठे?

संगणकावर मजकूर कापून किंवा त्याची नकल करून दुसरीकडे चिकटविण्याची सोय आज आपण सहज वापरतो. ती रूढ करणाऱ्यांत लॅरी टेस्लर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. २०२० मध्ये निवर्तलेल्या या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने एक मार्मिक नियम मांडला होता. प्रत्येक कामात काही गुंतागुंत अटळ असते. ती नाहीशी होत नाही. ती प्रणाली तयार करणाऱ्याने सोसायची की वापरणाऱ्याने, एवढाच प्रश्न उरतो.

रायपूरच्या रेशन दुकानांत या नियमाची प्रचिती आली. छत्तीसगडमध्ये २००७ पासून धान खरेदी आणि शिधावाटप यांचे संगणकीकरण सुरू झाले होते. २०१२ मध्ये रायपूर शहरात 'कोअर पीडीएस' ही प्रणाली अवतरली. नाव आपल्या कोअर बँकिंगची आठवण करून देणारे आणि कल्पनाही तशीच. कोअर बँकिंगमुळे ग्राहक एका शाखेचा न राहता बँकेचा झाला. येथे शिधापत्रिकाधारक एका दुकानाला बांधलेला राहिला नाही. पूर्वी ठरलेले दुकान बंद असले किंवा "माल संपला" असे ऐकावे लागले, तर हात हलवीत परतण्यावाचून गत्यंतर नसे. आता मनाजोगे दुकान निवडता येऊ लागले. या सोयीला 'मेरी मर्जी' असे नाव मिळाले, ते सार्थच होते.

वरकरणी पाहता कार्ड दाखवायचे आणि धान्य घ्यायचे, एवढेच काम. परंतु कोणाचा कोटा किती, त्यापैकी किती उचलला, कोणत्या दुकानात किती साठा उरला, हा सारा हिशेब मध्यवर्ती संगणकाने आपल्या शिरावर घेतला. सुविधा वाढली, तरी गृहिणीच्या डोक्यावरचा भार वाढला नाही. हीच कल्पना पुढे 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेच्या रूपाने जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली.

अर्थात, अशा व्यवस्थेचा प्राण नेटवर्कमध्ये असतो. ते तुटले की सोप्यात सोपा पडदाही निरुपयोगी ठरतो. म्हणून मुख्य वाटेबरोबर दुसरी साधी वाट हवीच. साध्या मोबाईलवरून इंटरनेटशिवाय व्यवहार करता यावा, यासाठी मार्च २०२२ मध्ये आणलेली 'यूपीआय १२३ पे' ही अशीच एक वाट होय.

लपविणे म्हणजे सोपे करणे नव्हे

मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा यादीतून आपोआप झाकून ठेवण्याची युक्ती योजली. पडदा मोकळा दिसू लागला, पण काल दिसलेली आज्ञा आज जागेवर नाही, म्हणून लोक चक्रावले. ऑफिस २००७ मध्ये जुन्या याद्यांच्या जागी चित्रांची पट्टी आली, मात्र आल्ट कळीने सुरू होणारे अनेक जुने संकेत चालू ठेवले गेले. सरावलेल्या बोटांचा तो सन्मानच होता.

याउलट विंडोजमधील कॅल्क्युलेटर पाहा. प्रथम समोर येतो तो बेरीज-वजाबाकीचा साधा फलक. अभियंत्याला लागणारा शास्त्रीय फलक त्याच खिडकीत एका निवडीच्या अंतरावर असतो. नेहमीचे काम दारात, विशेष काम आतल्या खोलीत आणि त्या खोलीचे दार नेहमी एकाच जागी. उत्तम रचनेचे मर्म एवढेच आहे.

आपल्या हाती काय?

ग्राहकांना विनंती की, मोबाईल बँकिंगमधील सर्व सुविधा एकाच दिवशी शिकण्याचा अट्टहास करू नये. शिल्लक पाहणे, पैसे पाठविणे आणि हरवलेले कार्ड बंद करणे, ही तीन कामे आधी अंगवळणी पाडावीत. तिसरे काम गरज पडण्यापूर्वीच शिकून ठेवावे. न कळल्यास शाखेत विचारावे, मात्र गुप्त क्रमांक कोणालाही, अगदी आम्हालाही, सांगू नये.

आणि सहकाऱ्यांना विनंती की, ग्राहकाच्या हातातील मोबाईल घेऊन आपणच काम उरकू नये. तसे केल्याने त्या दिवसाचे काम होते, पण पुढच्या महिन्यात तो ग्राहक तसाच परावलंबी होऊन परत येतो. बटण त्याच्याच बोटाने दाबले जाऊ द्यावे.

त्या गणिताच्या बाई पुढच्या महिन्यात पुन्हा दिसल्या. मला पाहून त्यांनी मान हलवली, पण कार्ड पुढे केले नाही. उलट, मीच जरा बाहेर थांबावे, अशी हाताने खूण केली. मी आनंदाने बाहेर थांबलो.