जवस, बांबू आणि काव

सोनारी गावच्या घरात भाकरीवर जवसाची चटणी नवी नाही. पण याच जवसाच्या तेलातून स्वातंत्र्यलढ्याचं एक गाजलेलं चित्र उमटलं, हे सांगितलं तर पटेल?

जवसाच्या तेलाला हवा लागत राहिली की ते हळूहळू घट्ट, रबरासारखं चिवट होतं. त्यात बुचाचा भुगा कालवून तागाच्या कापडावर थापलं की झालं लिनोलियम. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ते निघालं. कशासाठी? घरात जमिनीवर अंथरायला!

1930 साली गांधीजी दांडीला निघाले आणि शांतिनिकेतनच्या चित्रकार नंदलाल बोसांनी या अंथरायच्या वस्तूवर कोरणी चालवली. गंमत बघा. छापताना कोरलेल्या जागी शाई लागत नाही, ती पांढरी राहते. बाकीचं काळं उमटतं. म्हणजे चित्रकार अंधारातून उजेड कोरून काढतो, तोही उलटा, आरशात दिसावा तसा! काळ्याभोर कागदावर मोजक्या पांढऱ्या रेषा, आणि हातात काठी घेऊन बापू चालू लागतात. एकदा कोरलं की एकाच चित्राचे कितीतरी छाप.

मग आला डिसेंबर 1936. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन, आपल्या खानदेशात, फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशनाचं नगर उभारायला गांधीजींनी बोलावलं, तेव्हा मी चित्रकार, मला बांधकामातलं काय कळतं, असं नंदलालांनी कळवलं. तरी गांधीजींना तेच हवे होते. साहित्य मात्र गावचंच हवं! सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेत मोकळ्या जागेवर पालं उभी राहतात ना? तसं बांबू-तट्ट्यांचं टिळकनगर नावाचं अख्खं नगर उभं राहिलं. खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन आत होतं, पण पाहणाऱ्याचे डोळे कमानीपाशीच थबकावेत! शेताच्या कडेचा बांबू इतका देखणा असतो?

पुढे 1938 मध्ये गुजरातेतल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चारशेच्या आसपास चित्रफलक रंगवले. हातकागदावर काव आणि मातीचे रंग. देवादिकांऐवजी त्यांत कोण होतं? ढोल बडवणारा, कापड शिवणारा शिंपी, धान्य कांडणाऱ्या बाया.

पुढाऱ्यांना ऐकायला आलेला खेडूत त्या फलकांसमोर उभा राहिला असेल, तेव्हा देशाचं चित्र म्हणून त्याला दिसला असेल तो स्वतःच.