आपल्या मंडळाचा पाऊस मोबाईलवर कसा येतो?



पावसाळ्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं, "आमच्या वावरात गुडघाभर पाणी होतं, पण मंडळात पाऊस कमीच दाखवला." सोयाबीन पिवळं पडलेलं दिसतं, पण कागदावरचा आकडा वेगळंच सांगतो. हा आकडा येतो कुठून? तो कुणी लिहितो की यंत्र लिहितं? वाटेत तो चुकू शकतो का? हे आपल्याला माहीत असलं, तर विचारायचं काय तेही कळतं.

आकडा एवढा महत्त्वाचा का?

अनसिंग हे वाशिम तालुक्यातलं एक महसूल मंडळ आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते. मग पंचनामे होतात आणि ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान असेल तर मदतीचा विचार होतो. संत्र्यासारख्या फळबागांचा हवामानावर आधारित विमा तर केंद्रावरच्या पाऊस-तापमानाच्या नोंदींवरच ठरतो.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. त्या हिशेबाने ६५ मिलिमीटरला एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडतं. एवढं पाणी मोजायचं काम एका छोट्या यंत्राकडे आहे.

यंत्र मोजतं कसं?

राज्यात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात मंडळाच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. कुंपणात एक खांब, त्यावर सौर पाटी आणि काही उपकरणं, असं त्याचं रूप. पाऊस, तापमान, हवेतला ओलावा, वाऱ्याचा वेग आणि दिशा त्यात मोजली जाते.

अशा केंद्रांवर पाऊस मोजायची नेहमीची रीत सोपी आहे. वर नरसाळं, खाली दोन कप्प्यांची छोटी वाटी, लेकरांच्या सी-सॉसारखी. एक कप्पा भरला की वाटी कलते, पाणी सांडतं आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. समजा, एका वेळी कलायला ०.२ मिलिमीटर पाऊस लागतो. मग वाटी ३२५ वेळा कलली की ६५ मिलिमीटर झाले. यंत्र फक्त वाटी किती वेळा कलली ते मोजतं.

निरोप कसा निघतो?

खांबावरच्या पेटीत नोंद ठेवणारं यंत्र असतं आणि त्यात आपल्या मोबाईलसारखंच सिमकार्ड. थोड्या थोड्या मिनिटांनी ते एक छोटा निरोप पाठवतं. त्यात केंद्राचा क्रमांक, तारीख, वेळ आणि आकडे असतात.

डेअरीवर दूध घालताना काय होतं ते आठवा. सभासद क्रमांक, वेळ, लिटर, फॅट. नाव-नंबर नसेल तर दूध कुणाचं ते कळणार नाही, वेळ नसेल तर सकाळचं की संध्याकाळचं ते कळणार नाही. इथंही तसंच आहे.

निरोप लहान ठेवावा लागतो, कारण खेड्यात रेंज कमी आणि बॅटरी मोजकीच. अशा निरोपांसाठी जगभर 'एमक्यूटीटी' नावाची पद्धत वापरतात. ती १९९९ मध्ये दूरवरच्या तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला तयार झाली होती. आज शेतातल्या मोटरपासून घरातल्या उपकरणांपर्यंत अनेक ठिकाणी ती चालते.

क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड म्हटलं की ढग वाटतो, पण आभाळात काहीच नसतं. मोठ्या इमारतीत ठेवलेले, इंटरनेटने जोडलेले हजारो संगणक म्हणजे क्लाउड.

राज्यातल्या दोन हजारांहून जास्त केंद्रांचे निरोप एकाच वेळी येऊ लागले तर गोंधळ होणारच. म्हणून अशा कामासाठी 'प्रवाह' घेणारी व्यवस्था ठेवतात. तिला स्ट्रीमिंग म्हणतात. 'काफ्का' हे त्यातलं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर, २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे.

ही व्यवस्था आपल्या गटाच्या कार्यवाही वहीसारखी चालते. आलेली नोंद ओळीने लिहायची, मागची खोडायची नाही. मग ती वही ग्रामसंघ वाचेल, बँक वाचेल, ऑडिटवाला वाचेल. जो तो आपल्या गतीने वाचतो. एकाने वाचली म्हणून नोंद संपत नाही. तसंच एकाच प्रवाहातून एक कार्यक्रम रोजचा पाऊस जोडू शकतो, दुसरा पिकाचा सल्ला काढू शकतो, तिसरा पाऊस ठरावीक आकड्यापुढे गेला की इशारा देऊ शकतो.

गडबड कुठं होऊ शकते?

१) नरसाळं बुजणं. पालापाचोळा, पाखराचं घरटं किंवा कोळ्याचं जाळं अडकलं की पाणी वाटीपर्यंत पोचत नाही. यंत्र चालू, निरोपही जातोय, पण आकडा कमी. क्लाउड कितीही मोठा असला तरी ही चूक त्याला आपोआप दुरुस्त करता येत नाही.

२) रेंज जाणं. चांगलं यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि रेंज आल्यावर पाठवतं. तेव्हा पोचल्याची वेळ न बघता मोजल्याची वेळ बघायची असते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो. पहाटे ४० आणि सकाळी नऊनंतर ३० मिलिमीटर पडला, तर तो दोन दिवसांत वाटला जातो. वेळ चुकली तर हिशेब चुकला.

३) एकच निरोप दोनदा येणं. एक हप्ता दोनदा लिहिला तर शिल्लक चुकते, तसंच हे. म्हणून क्रमांक आणि वेळ बघून दुसरी नोंद गाळावी लागते.

४) नोंद नसणं आणि शून्य असणं. हे सगळ्यात महत्त्वाचं. सभासद बैठकीला आलीच नाही, तर तिने 'नाही' म्हटलं असं आपण लिहितो का? यंत्र बंद असेल तर तिथं 'नोंद नाही' असायला हवं, शून्य नाही.

५) अंतर. एक मंडळ म्हणजे कितीतरी गावं. ढग एका शिवारात बरसतो, केंद्र कोरडं राहतं. यंत्र खोटं बोलत नाही, ते फक्त स्वतःच्या जागेचं सांगतं. म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ मध्ये आणलेल्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचं ठरलं.

आपण काय करू शकतो?

- कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळाचा रोजचा पाऊस दिसतो. गटातल्या एका ताईने, नाहीतर शिकणाऱ्या पोरीने, तो वहीत उतरवावा.
- सरळ भिंतीची, सपाट बुडाची पारदर्शक बरणी झाडापासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजा, लिहा, बरणी रिकामी करा. ही सरकारी नोंद नाही, पण दोन आकड्यांत मोठा फरक दिसला तर विचारायला आधार मिळतो.
- केंद्राजवळ झाड वाढलं, कुंपण तुटलं, नरसाळं बुजलेलं दिसलं, तर स्वतः हात लावू नका. फोटो काढा आणि सहायक कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. अर्जाची पोच घ्या.
- वावरात पाणी साचलं तर त्याच दिवशी तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा.

आपण पै-पैचा हिशेब वहीत ठेवतो, म्हणून बँक आपल्यावर विश्वास ठेवते. आता पावसाचं एक पानही त्या वहीत असू द्या. पुढच्या ग्रामसंघ बैठकीत हा विषय घ्या आणि बरणी कुणाच्या अंगणात ठेवायची ते तिथंच ठरवून टाका.