पुरात बुडालेला स्टार्टर चालू करण्याआधी



पूर ओसरला की शेतकरी आधी नदीकाठ गाठतो. बांध किती तुटला, ऊस किती आडवा झाला आणि मोटारीचे काय झाले, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा जीव थाऱ्यावर येत नाही. कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांत असे दिवस पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये तर सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. अशा पुरात वर ओढून ठेवलेल्या मोटारीही बुडतात, आणि भिंतीवर छातीइतक्या उंचीला बसवलेल्या स्टार्टरच्या पेट्या दिवसच्या दिवस पाण्याखाली राहतात.

पाणी उतरले की एक प्रश्न हमखास निघतो. "पेटी उघडली, गाळ धुतला, दोन दिवस कडक उन्हात ठेवली. बटण दाबलं तर मोटार चालली की! मग नवं सामान घ्यायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पुराने आधीच कंबरडे मोडलेले असते, त्यात आणखी खर्च नको वाटतो. पण बंधूंनो, जरा विचार करा. नुसती मोटार चालू करायची तर तीन तारा जोडल्या तरी पुरे. मग स्टार्टर, फ्यूज, एमसीबी हे सगळे कशासाठी? तर वेळ आली की मोटार बंद पाडण्यासाठी. एक फेज गेला, मोटारीवर भार वाढला, पेटीत करंट उतरला, तर त्याच क्षणी वीज तोडणे हे त्यांचे खरे काम. म्हणून "चालला" एवढ्यावरून स्टार्टर पास होत नाही. तो वेळेला बंद पडतो का, ही त्याची परीक्षा.

गाळ आत काय करतो?

पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात माती, खते, साबण, गटाराची घाण असे सगळे असते. पाणी वाळते, पण हा साका आतच बसतो. वरून पेटी कोरडी ठणठणीत दिसते. पुढे सकाळचे दव पडले किंवा हवा दमट झाली की तोच साका ओल धरतो, आणि त्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वीज सरकू लागते. जागा हळूहळू काळी पडते आणि एके दिवशी पेटीत भडका उडतो. पुरानंतर दोन-तीन महिन्यांनी "काही कारण नसताना" जळालेल्या स्टार्टरचे कारण पुष्कळदा हेच असते.

दुसरे नुकसान आतल्या स्प्रिंगांचे आणि पट्ट्यांचे. ओव्हरलोड रिलेमध्ये दोन धातूंची पट्टी असते. ती भाराने तापून वाकते आणि मोटार बंद करते. एमसीबीच्या आत बारीक स्प्रिंग आणि खिटी असते. गाळाने आणि गंजाने ही जुळणी अडकून बसते. बटण वर-खाली होते, वीजही जाते, पण नेमक्या वेळी ते सुटत नाही. कॉन्टॅक्टरचा गाभा गाळाने चिकटला तर लाल बटण दाबूनही मोटार थांबत नाही.

पेटीला हात लावण्यापूर्वी

१. गावात लाइट नाही म्हणून शेतावर वीज नाही, असे समजू नका. गावठाणाची लाइन वेगळी, शेतीची वेगळी. शेतीची लाइन बऱ्याच भागांत पाळीने येते, आणि पुरानंतर दुरुस्ती होताच ती केव्हाही सुरू होते.

२. ऑटो स्विच लावला असेल तर लाइन येताच मोटार आपोआप सुरू होते. मोबाइलवर चालणारा स्टार्टर असेल तर घरी बसलेला मुलगासुद्धा ती सुरू करू शकतो. म्हणून घरातल्या सर्वांना आणि मोटारीतल्या भागीदारांना आधी बजावून सांगा: "आम्ही सांगेपर्यंत कुणीही मोबाइलवरून मोटार लावायची नाही."

३. मेन स्विच खाली ओढला तरी त्याच्या वरच्या टोकांना वीज असतेच. मेन स्विचच बुडालेला असेल तर त्याचा भरवसा धरू नका. खांबावरून किंवा डीपीवरून वीज तोडून घ्यावी लागते, आणि ते काम महावितरणच्या लाइनमनचे. डीपीची पेटी, मीटर आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर यांना आपण हात लावायचा नाही. तक्रारीसाठी १९१२ या नंबरावर फोन करावा.

४. पाण्यात, चिखलात उभे राहून पेटी उघडू नका. तुटलेली तार जमिनीवर दिसली तर ती मेलेली आहे असे समजू नका. लांब राहा आणि जनावरेही लांब ठेवा.

५. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे नव्हे. टेस्टरही भिजलेला असू शकतो. तो आधी चालू लाइनवर तपासावा, मग इथे लावावा.

पेटीच्या आतले काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. शेजारचा हुशार पोरगा घरचा बल्ब बदलतो, ते ठीक. इथे फेज-फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. पंचनामा व्हायचा असेल तर गाळ धुण्याआधी सामानाचे फोटो काढून ठेवा.

काय बदलायचे, काय ठेवायचे?

यासाठी सोपा नियम ध्यानात ठेवा. ज्या वस्तूचे पोट बंद आहे आणि ज्यावर आपली राखण अवलंबून आहे, ती बदलायची. जी वस्तू उघडी आहे, धुता येते आणि तपासता येते, ती ठेवायची.

बदलायच्या वस्तू: एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा स्विच (आरसीसीबी), ओव्हरलोड रिले, पेटीबंद एचआरसी फ्यूज, सिंगल फेज प्रिव्हेंटर, ऑटो स्विच, मोबाइलचे यंत्र. कपॅसिटरही बदललेला बरा. आत गाळ गेलेला कॉन्टॅक्टर कॉइलसकट बदलावा. त्याच्या चांदीच्या टोकांवर कानस मारून तो "नवा" होत नाही, उलट टोकेच झिजून जातात.

ठेवता येण्याजोग्या वस्तू: लोखंडी पेटी, तांब्याच्या जाड पट्ट्या, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि चांगल्या स्थितीतली केबल. केबलची दोन्ही टोके फूटभर कापून नवी करावीत, कारण पाणी टोकातूनच आत शिरते. जुने सांधे सोडवून पुन्हा बांधावेत. किटकॅट फुटलेला नसेल तर धुऊन, वाळवून, त्यात योग्य जाडीची नवी फ्यूज तार घालावी. हाताला लागली ती जाड तार घालू नका. जाड तार म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी.

तेलाचा जुना स्टार्टर असेल तर त्यातले तेल पूर्ण काढून टाका. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी साठते. वरून तेल स्वच्छ दिसते, खाली पाणी असते. टाकी पुसून, वाळवून नवे ट्रान्सफॉर्मर तेल भरावे.

धुणे आणि वाळवणे

गाळ ओला असतानाच स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावा. वाळून कडक झाला की निघत नाही. पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नका. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते, आणि रॉकेलचा तेलकट थर पुन्हा धूळ धरतो.

धुतल्यावर सावलीत वारा लागेल असे ठेवावे, मग उन्हात. मोटार पूर्ण उघडून, बेअरिंग काढून, वाइंडिंग वाळवावे लागते. हे काम मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावे. काही जण मोटारीशेजारी लाकडे पेटवतात. असे करू नका. बाहेरून वार्निश जळते आणि आतली ओल तशीच राहते. कपॅसिटरमध्ये लाइन तोडल्यावरही वीज साठलेली असते. पाच मिनिटे थांबावे, आणि वायरमनने ती उतरवल्याशिवाय त्याला हात लावू नये.

मेगरची साक्ष

वाळले की नाही, हे हाताला कळत नाही. ते मेगर सांगतो. मोटारीचे वाइंडिंग आणि तिचे लोखंडी अंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर लावतात. आकडा १ मेगओमच्या खाली असेल तर मोटार मुळीच चालू करू नये. चांगल्या वाळलेल्या मोटारीचा आकडा याहून खूप वर असतो. वाळवताना वाइंडिंग तापू लागले की आकडा आधी खाली येतो, मग वर चढतो. तेव्हा घाबरू नका, आणि पहिल्याच आकड्यावर खूशही होऊ नका. आकडा वर जाऊन स्थिर झाला की वाळली असे समजावे. हीच तपासणी केबलची आणि पेटीचीही करावी. मात्र मेगर लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक यंत्रे सोडवून ठेवावीत, नाहीतर नवे सामान जळेल.

अर्थिंग वाहून तर गेले नाही ना?

पुराने काठाची माती खचते. अर्थिंगची तार तुटते, खड्डा उघडा पडतो. वरून दिसत नाही. आता हिशोब पाहा. पेटीत करंट उतरला, तो २३० व्होल्टचा. अर्थिंगचा विरोध २० ओहम असला तर त्यातून ११ ते १२ अँपिअर वाहतील. १५ अँपिअरची फ्यूज तार एवढ्याने वितळत नाही. म्हणजे फ्यूज शाबूत, मोटार चालू, आणि पेटीत करंट! त्या पेटीला ओल्या हाताने शिवणारा माणूस दगावतो. यासाठी अर्थिंग मोजून घ्या, तार नवी करा, आणि गळती होताच तोडणारा स्विच बसवा. हा खर्च टाळू नका.

आता परीक्षा घ्या

मोटारीच्या तारा सुटलेल्या असताना वायरमनकडून पुढील परीक्षा करून घ्या.

१. हिरवे बटण, लाल बटण, असे आठ-दहा वेळा. दर वेळी कॉन्टॅक्टर खाडकन सुटला पाहिजे.

२. स्टार्टर चालू असताना मेन स्विच पाडा आणि पुन्हा लावा. स्टार्टर आपोआप लागता कामा नये.

३. रिलेचे आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा. लगेच सुटले पाहिजे.

४. मेन स्विच बंद करून एक फ्यूज काढा, मग लाइन द्या. प्रिव्हेंटरने स्टार्टर लागू देता कामा नये.

हे चारही जमले तरच मोटार जोडा. रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावा. ५ एचपीची मोटार पूर्ण भाराला साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. पंप पाण्याने भरून घ्या, फिरण्याची दिशा पाहा, अँपिअर पाहा. पंधरा मिनिटांनी बंद करा. मेन स्विच पाडा, टेस्टरने खात्री करा आणि मग वायरमनला सांधे तापले आहेत का ते पाहू द्या.

सौर पंप असेल तर

सौर पंपाला "लाइट गेली" हा प्रकारच नाही. ऊन पडले की पाट्यांच्या तारांत वीज असते, कंट्रोलर बंद असो की चालू. बुडालेला कंट्रोलर किंवा सोललेली तार उघडू नका. ज्यांनी पंप बसवला त्यांना कळवा, आणि तोवर कुणाला जवळ जाऊ देऊ नका.

घाई कशाची?

बंधूंनो, पूर ओसरल्यावर रानात पाणी द्यायचे नसते, काढायचे असते. चर काढून उसातले साठलेले पाणी बाहेर घालवणे हे पहिले काम. तातडीने उपसाच करायचा झाला तर डिझेल इंजिन मिळते का पाहा. जमिनीत ओल आहे तोवर मोटारीला सवड आहे. ती सवड वाळवण्यासाठी आणि तपासण्यासाठी वापरा.

आणि पुढच्या पावसाळ्याआधी एक करा. स्टार्टर अशा फळीवर बसवा की वायरमनला तारांना खुणा करून तो अर्ध्या तासात काढता येईल. मोटार वर घेताना स्टार्टरही घरी आणा. नदीकाठची भिंत कितीही उंच बांधली तरी नदीचा नेम नाही.

मोटार पुन्हा बांधता येते. ऊसही पुन्हा लावता येतो. पेटीला हात लावणारा घरचा माणूस मात्र एकच असतो. तेव्हा स्टार्टर चालतो का हे विचारण्याआधी तो बंद पडतो का, हे विचारा.